धातू थकला नव्हता

मला काकांनी मोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी त्यांच्या वयाचा मान मध्ये आणायला नको. हात मिस्त्रींचा होता आणि निमित्त एका परीक्षकाचं. तिघांचेही केस पांढरे. गाड्यांमधलं सगळं आपल्याला कळतं, असं तिघंही सांगत फिरतात.

मी काकांच्या गाडीचा ड्राइव्ह शाफ्ट बोलतोय. म्हणजे गाडीच्या पोटाखालून जाणारी लांब, पोकळ नळी. पुढे गिअरबॉक्स, मागे चाकांचा आस, आणि मध्ये मी. इंजिनाने कितीही गुरगुराट केला तरी ती ताकद चाकांपर्यंत मीच नेतो. माझ्या दोन्ही टोकांना क्रॉस असतो, म्हणजे लोखंडी सांधा. माणसाचं मनगट जसं वाकतं आणि फिरतं, तसाच. गाडीच्या फोटोत मी कधीच नसतो. त्याचं मला दुःख नव्हतं. खाली अंधारात माझं बरं चाललं होतं.

माझा जन्म एका लहान कारखान्यात झाला. तिथे गाड्या घाईघाईत बनवत नसत. म्हणूनच तो कारखाना लवकर बंद पडला आणि म्हणूनच आमची गाडी आता दुर्मीळ झाली. माणसांचं हे मला कधी कळलं नाही. चालू असताना विचारायचं नाही आणि बंद पडल्यावर काचेत ठेवायचं.

नळी कापून, टोकं जोडून झाल्यावर त्यांनी मला एका यंत्रावर आडवं घातलं आणि गरागरा फिरवलं. कुठलीच नळी सगळीकडून सारखी नसते, एखादी बाजू अंमळ जड भरतेच. माझीही भरली. मग कारागिराने मागच्या टोकाजवळ, हलक्या बाजूला, पोलादाचा बोटभर तुकडा वेल्ड केला. पुन्हा फिरवलं. मी सरळ फिरलो, हूं की चूं न करता. तो तुकडा दिसायला ओबडधोबड होता, चामखिळीसारखा. पण त्याच्यामुळेच मी शांत होतो.

गाडी दोन-तीन मालकांकडून फिरत काकांकडे आली. आधीचे मालक तिला चालवायचे, धुवायचे, विसरायचे. काका तिला पुजायला लागले. गॅरेजमध्ये जोडे काढून यायचे. जुना सुटा भाग दिसला की डोळ्याला लावल्यासारखं करायचे. त्यांचा आवडता शब्द ‘अस्सल’. अस्सल आरसा, अस्सल बटण, अस्सल स्क्रू. एकदा मुलीने विचारलं, “बाबा, टायरमधली हवा तरी नवी चालेल ना?” काका हसले नाहीत.

काकूंना मात्र गाडीतलं अस्सल-बिस्सल काही कळत नव्हतं. त्यांना तिच्यात बसायला आवडायचं, इतकंच. रविवारी सकाळी केसांना रुमाल बांधायचा, काच खाली करायची आणि घाटापलीकडे जाऊन यायचं. मी त्यांच्या बाजूच्याच बोगद्यातून फिरत असायचो. दोन सीटांच्या मध्ये पत्र्याचा उंचवटा असतो ना, तो माझा बोगदा. काकू त्याला पाय टेकून बसायच्या आणि गुणगुणायच्या. घरात काका बोलायचे आणि काकू ऐकायच्या. गाडीत दोघंही गप्प असायचे, म्हणून त्यांचं जमायचं.

मग ते प्रदर्शन आलं. जुन्या गाड्या मैदानात उभ्या करतात आणि परीक्षक हातात लांब दांड्याचा आरसा घेऊन त्यांच्या खाली डोकावतात. आमचे परीक्षक फार नावाजलेले. त्यांनी आरसा माझ्याखाली सरकवला, जिभेने च्च केलं आणि म्हणाले, “शाफ्टला ठिगळ लावलंय. दुरुस्ती झालेली आहे.”

ठिगळ! माझ्या अंगावरची सगळ्यात अस्सल गोष्ट तीच होती. पण परीक्षकांना विचारणार कोण? काकांनीही विचारलं नाही. त्यांचे गुण कापले गेले, पहिला नंबर शेजारच्या लाल गाडीला गेला आणि काका घरी येऊन जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रींना बोलावलं. आमच्या गाडीची हयातभर डागडुजी केलेला माणूस.

“हे ठिगळ काढा. घासून, पॉलिश करून, वरून रंग. कुणाला कळता कामा नये.”

मिस्त्री खाली वाकले. तुकड्यावर त्यांनी अंगठा फिरवला. त्यांना ठाऊक होतं. त्या अंगठ्यावरून मला कळलं की त्यांना ठाऊक आहे. ते म्हणाले, “काका, हे तसं... कंपनीचंच असेल.”

“परीक्षकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

“नाही नाही, तसं नाही. तुम्ही म्हणताय तर काढतो.”

ग्राइंडर सुरू झाला. ठिणग्या उडाल्या आणि माझी चामखीळ भुकटी होऊन फरशीवर पडली. पुढच्या प्रदर्शनात आम्हाला पहिला नंबर मिळाला. आरसेवाले परीक्षक म्हणाले, “आता कशी अस्सल वाटते.”

हळू चालताना काही जाणवायचं नाही. पण घाट संपून सरळ रस्ता लागला आणि काकांनी वेग घेतला की मी थरथरायला लागायचो. थांबता येईना. जड बाजू मला बाहेर ओढायची आणि दर फेऱ्यात पुढच्या क्रॉसला हिसका बसायचा. सांध्यातलं ग्रीस बाहेर येऊ लागलं. बोगद्याचा पत्रा बारीक गुणगुणू लागला आणि काकूंचं गुणगुणणं थांबलं.

“अहो, माझ्या पायाला मुंग्या येतायत.”

“बसून बसून येतात.”

“तसं नाही. खालून काहीतरी थरथरतंय.”

“स्पोर्ट्स कार आहे ती, पाळणा नाही.”

पुढच्या रविवारी त्या पुन्हा म्हणाल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. काकांनी काय केलं असेल? गाडी तपासली नाही, बायकोला तपासायला पाठवलं. रक्तातली साखर, शिरा, मणके. सगळं ठणठणीत निघालं. मग काकांनी मोठ्या प्रेमाने फोमची एक जाड पट्टी आणली, कापडात शिवून घेतली आणि काकूंच्या पायाखाली घातली.

“बघ, आता लागणार नाही.”

आणि खरंच, फोममुळे थोडं कमी लागायला लागलं. काकूंनाही वाटलं असेल, आपलंच काहीतरी होतं. मला त्या पट्टीचा जितका राग आला तितका ग्राइंडरचाही आला नव्हता. मी खालून ओरडत होतो, वरून एक बाई तेच सांगत होती, आणि हा माणूस दोघांच्या मध्ये गादी घालत होता.

मिस्त्री सर्व्हिसिंगला आले तेव्हा काकूंनी त्यांनाही सांगून पाहिलं. मिस्त्रींनी एकदा काकांकडे पाहिलं. मग म्हणाले, “टायर जुने झालेत काकू, त्याचं असेल.” बोलताना ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

ज्या दिवशी झालं त्या दिवशी ते दोघं काकूंच्या बहिणीकडे निघाले होते. घाट उतरला, सरळ रस्ता लागला. पुढे एक ट्रक चालला होता.

“अहो, थांबवा ना जरा. आज फार होतंय.”

“या ट्रकला मागे टाकतो, मग थांबू.”

त्यांनी पाय दाबला. माझा पुढचा क्रॉस तुटला. एक टोक सुटलं, दुसरं चाकांनी फिरवतच ठेवलं. मी बोगद्यात काठीसारखा आपटलो, पत्रा फाडला, ती शिवलेली पट्टी फाडली आणि काकूंच्या गुडघ्यावर आदळलो.

काकांनी गाडी कडेला घेतली. त्यांनी आधी काकूंकडे पाहिलं, हे मी लपवणार नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत काकूंचं डोकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. रुग्णवाहिका निघताना मात्र त्यांनी खाली वाकून माझ्याकडेही पाहिलं. मी मधून वाकलो होतो. त्यांच्या तोंडून निघालं, “अरेरे, अस्सल होता!”

मग माझ्या जागी नवा शाफ्ट बसवायचा खटाटोप सुरू झाला. तसा सुटा भाग कुठेच मिळेना. माझा कारखाना बंद, माझी भावंडं कधीच भंगारात गेलेली. शेवटी मला एका गोणपाटात गुंडाळून शाफ्ट बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये नेलं. मालकीणबाई भलत्याच फटकळ होत्या. काका म्हणाले, “यालाच सरळ करून जोड देता आला तर बघा. मूळचा आहे.”

बाई म्हणाल्या, “देते की. पण त्या गाडीत तुम्ही एकट्यानेच बसायचं.”

सोबत मुलगी आली होती, ती हसली. त्या दिवसांत ती पहिल्यांदाच हसत असावी.

मिस्त्रींनी नव्या शाफ्टचं माप आणलं होतं. बाईंनी विचारलं, “गाडी चाकांवर उभी असताना घेतलंत की जॅकवर?”

“जॅकवर.”

“म्हणजे चाकं लोंबकळत होती, आस खाली आला होता. घ्या पुन्हा. की बाईने सांगितलं म्हणून नाही घ्यायचं?”

मिस्त्री पुन्हा माप घेऊन आले. वेगळं निघालं होतं.

नवा शाफ्ट तयार झाला. त्याला यंत्रावर घालून फिरवलं आणि बाईंनी त्याच्या मागच्या टोकाजवळ एक तुकडा वेल्ड केला. बोटभर, ओबडधोबड. काका बघतच राहिले. मिस्त्री फरशीकडे बघत होते.

मुलीने विचारलं, “हा तुकडा कशाला?”

“तोल साधायला. हा नसला तर शाफ्ट थरथरतो, क्रॉस खातो आणि एक दिवस तुटतो. तुमच्या जुन्यालाही असणार.” बाईंनी गोणपाट बाजूला केलं, माझ्यावरून बोट फिरवलं आणि रंगाखालची खरखर त्यांना लागली. “कुणी शहाण्याने घासून काढलाय हो हा?”

मुलीने आधी मिस्त्रींकडे पाहिलं, मग वडिलांकडे.

“बाबा, आई सांगत होती.”

काका म्हणाले, “हा तुकडा खालून दिसणार नाही असा, वरच्या बाजूला नाही का लावता येणार?”

मुलगी म्हणाली, “फिरतो तो, बाबा! त्याला कसली आलीय वरची बाजू? तुम्ही बाहेर जाऊन बसा.”

ते खरंच बाहेर जाऊन बसले.

नवा शाफ्ट लागला. गाडी पूर्वीसारखी चालायला लागली, पत्रा गप्प झाला. बोगदा सांधला, रंगवला. काकू काठी घेऊन चालायला लागल्या होत्या. काका त्यांना म्हणाले, “आता बस एकदा. कळणारसुद्धा नाही की खाली काही फिरतंय.” काकू म्हणाल्या, “बघू.” त्या ‘बघू’मध्ये थोडी जागा होती. काकांनी नुसतं म्हणायला हवं होतं, तू सांगत होतीस आणि मी ऐकलं नाही. एवढंच. दुसरं काही मागितलंच नव्हतं कुणी.

मला काकांनी सरळ करून घेतलं, चकचकीत केलं आणि लाकडी स्टँडवर दिवाणखान्यात मांडलं. चषकांच्या शेजारी. पाहुणे आले की मला दाखवतात. “धातू थकतो हो. किती वर्षं चालला बिचारा! शेवटी दमला.”

मी दमलो नव्हतो. मला आजारी पाडलं होतं.

एकदा एक पाहुण्या बाई आल्या. काकू समोरच बसल्या होत्या, पाय स्टुलावर ठेवून. बाईंनी त्यांनाच विचारलं, “आधी काहीच जाणवलं नाही का हो तुम्हाला?”

काकूंनी तोंड उघडलं. त्याआधीच काका म्हणाले, “छे! अचानक झालं. आम्हाला कुणाला काही कल्पनाच नव्हती.”

काकूंनी तोंड मिटलं. त्यांनी काठी घेतली आणि त्या आत गेल्या. काकांनी पाहुण्यांना माझा मागचा क्रॉस दाखवला.

त्या रविवारी काकांनी गाडी दारात आणली, काकूंच्या बाजूचं दार उघडून धरलं. काकू खिडकीतून म्हणाल्या, “तुम्ही जाऊन या.” काका खूप वेळ ते दार धरून उभे होते. मग त्यांनी ते लावलं आणि एकटेच गेले.

तुम्ही कधी त्या घरी गेलात तर माझं एक काम करा. काकांना सांगा, याला भंगारात द्या. मला वितळवून बादली करा, बिजागरी करा, काहीही करा, पण या स्टँडवरून उतरवा. माझ्या नावावर रोज एक खोटं खपतंय आणि मला ते उभ्या उभ्या ऐकावं लागतं.

परवा काकूंची पाठ धरली होती. दिवसभर त्या भिंतीला हात लावून चालत होत्या. काकांनी विचारलं, “काय होतंय?”

“काही नाही.”

संध्याकाळी मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. कुठे दुखतं, कधीपासून, कसं. काका शेजारच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते.

काकू आता आपलं दुखणं काकांना सांगत नाहीत.