सुनंदाबाईंच्या गिटारचं पेडल

मी पेडल बोलतोय. सायकलचं नव्हे हो, गिटारचं. हा खुलासा मला जन्मभर करावा लागलाय, म्हणून आधीच करून टाकतो. तळहाताएवढी लोखंडी डबी, हिरवा रंग, तोही कोपऱ्यांवर उडालेला. डोक्यावर तीन नॉब: ड्राइव्ह, टोन आणि लेव्हल. खाली पायानं दाबायचं एक बटण. गिटारची वायर एका बाजूनं माझ्यात येते आणि दुसऱ्या बाजूनं अँप्लिफायरकडे जाते. मधे बसून मी आवाजाला जोर लावतो, म्हणून मला ओव्हरड्राइव्ह पेडल म्हणतात. काम एवढंच, पण ते माझ्याकडून नीट करून घेणारी माणसं मला फार उशिरा भेटली.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसलेल्या एका बाईनं मला डाख दिले, एकदा वाजवून पाहिलं आणि खोक्यात घातलं. तिचा चेहरासुद्धा मला धड आठवत नाही.

अठ्ठ्याण्णव साली मी दिल्लीत आलो, तो बळवंतच्या मामाच्या सूटकेसमधून. बळवंत मुनिरकाला तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या खोलीत राहायचा आणि पीएचडी करायचा, म्हणजे निदान घरी तसं सांगायचा. त्यानं माझा ड्राइव्ह कायम शेवटपर्यंत फिरवलेला असायचा. ड्राइव्ह म्हणजे माझी स्वतःची खरखर. ती एवढी व्हायची की गिटार काय म्हणतेय हे कुणाला कळायचंच नाही. खालून घरमालकीण ओरडायची, "अरे बंद कर, भाई!" आणि मला वाटायचं, वा, काय आपला दरारा आहे. तरुणपणी माणसांनाही असंच वाटत असावं.

पुढे बळवंतला बंगळूरला नोकरी लागली. जाताना त्यानं मला दर्यागंजातल्या एका वाद्यांच्या दुकानात विकून टाकलं. साधं 'चल, येतो' सुद्धा म्हणाला नाही. मी काचेच्या कपाटात सगळ्यात खालच्या फळीवर सात वर्षं पडून राहिलो. पोरं यायची, वरच्या फळीवरची चकचकीत पेडलं बघायची. माझ्याकडे कुणी वाकून पाहिलं नाही. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

आणि मग एका शनिवारी दीनानाथ वाळिंबे दुकानात आले. काखेत फाइल.

खरीखुरी फाइल, लाल फीत बांधलेली. दीनानाथ केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांनी फाइल काउंटरवर उघडली. पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'विषय: श्रीमती सुनंदा यांच्या गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह पेडल निवडण्याबाबत.' खाली तक्ता. पेडलचं नाव, नॉब किती, वजन किती, गेन किती, वॉरंटी किती, आणि शेवटी शेरा. तीन दुकानांतून माहिती गोळा करून त्यांनी प्रत्येकाला गुण दिले होते. मी त्या तक्त्यात नव्हतोच.

सगळ्यात जास्त गुण मिळालेलं, चार नॉबचं, काळंभोर पेडल घेऊन ते गेले. जाताना इतके खूश होते, की रस्ता ओलांडताना फाइल छातीशी धरली होती.

पुढच्या शनिवारी ते पेडल परत घेऊन आले. फाइल नव्हती. दुकानातल्या विष्णूपुढे, पन्नाशीच्या मेकॅनिकपुढे, दीनानाथ सगळं बोलून मोकळे झाले.

त्यांच्या पत्नी सुनंदाबाई हवाईयन गिटार वाजवायच्या. मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातल्या स्टीलच्या रुळानं तारेवर सूर ओढत नेतात, ती. लग्न होऊन दिल्लीला आल्या त्याच गिटार घेऊन. तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा जुन्या रेडिओसारखा वॉल्व्हचा अँप होता, एकाहत्तर सालचा, आणि महाराष्ट्र मंडळाचा एकही गणेशोत्सव त्यांच्या वाजवण्याशिवाय झाला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि ओठाची एक बाजू. व्यायामानं हात थोडा परत आला, पण नखी घातलेल्या बोटात जोर राहिला नाही. तार छेडली की सूर निघायचा आणि लगेच विरून जायचा. गिटारची सगळी गोडी तर सूर लांबवण्यात. दीनानाथांनी कुठेतरी वाचलं, की अँपचा गेन, म्हणजे आवाजाचा जोर, वाढवायला ओव्हरड्राइव्ह पेडल लावतात. म्हणून फाइल.

"लगाया तो ऐसा लगा जैसे मिक्सर चल रहा है," दीनानाथ म्हणाले. "उसने गिटार को कव्हर चढ़ा दिया. कहती है, पेडल का दोष नहीं, मेरा हाथ ही नहीं रहा."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"अंकलजी," विष्णू म्हणाला, "गेन तो बहुत मिल जाएगा. पर ये बताइए, अँप कौन-सा है, और बजानेवाले का हाथ कैसा है?"

"इसका तो मैंने कॉलम ही नहीं रखा," दीनानाथ हळूच म्हणाले.

"तो अँप ले आइए. और आंटीजी को भी."

हे सोपं नव्हतं. हिंदूराव हॉस्पिटलात व्यायामाला जाण्यापलीकडे सुनंदाबाई आठ महिन्यांत घराबाहेर पडल्या नव्हत्या. लोक तोंडाकडे बघतात म्हणायच्या. दीनानाथांनी त्यांना कसं तयार केलं, ते दोघांनी नंतर किती वेळा तरी पाहुण्यांना सांगितलं, म्हणून मला तोंडपाठ आहे.

"सुनंदा, फाइल परत आलीय," दीनानाथ म्हणाले. "अर्जदाराचा शेरा नाही म्हणून. पुढे सरकतच नाहीये."

"अर्जदार कोण? मी? मी कधी अर्ज केला?"

"तोंडी केलास. सूर टिकत नाही, म्हणालीस ना? मी नोंद घेतली."

"चावट आहात," त्या म्हणाल्या. पण साडी बदलली.

त्यापुढच्या शनिवारी ऑटोतून दीनानाथ उतरले ते अँप पोटाशी धरून. त्याचं वजन धान्याच्या छोट्या पोत्याएवढं. मागून सुनंदाबाई, हातात काठी, पदर ओठाच्या त्या बाजूवर ओढलेला. विष्णूनं खुर्ची दिली, गिटार मांडीवर नीट ठेवून दिली. अँप चालू केला आणि वॉल्व्ह गरम होऊ दिले.

एकामागून एक पेडलं लावून झाली. पहिल्यानं शिट्टी मारली. दुसऱ्यानं सूर चिरडला. तिसरं बरं होतं, पण सुनंदाबाईंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरायला लागले होते आणि त्या काठी शोधत होत्या.

तेव्हा विष्णू खाली वाकला, आणि मी वर आलो.

मला वाटलं, आता दाखवतोच यांना. पण त्या माणसानं काय करावं? माझा ड्राइव्ह उलटा फिरवून जवळजवळ बंदच केला, आणि लेव्हल पूर्ण वर नेली. माझा अपमानच झाला हो. म्हणजे मी स्वतः तोंड उघडायचंच नाही, फक्त मागून रेटा द्यायचा आणि बोलायचं त्या म्हाताऱ्या अँपनं? तीन तपं जुना तो, त्याला मी कशाला पुढे करू?

सुनंदाबाईंनी तार छेडली. किती हलकी, काय सांगू. बळवंत तर तारा ओरबाडायचा. हा स्पर्श माझ्यापर्यंत आला तो जेमतेम. मी तो उचलला, जसा होता तसा, आणि पूर्ण ताकदीनं अँपकडे ढकलला. आणि अँप बोलायला लागला. खरखरला नाही. जुन्या गवयाचा गळा तापावा तसा तो भरून आला आणि सूर थांबला नाही. सुनंदाबाईंनी रूळ हळूहळू वर सरकवला, सूर त्यांच्याबरोबर गेला, आणि वर पोचल्यावरही होता.

पदर कधीच घसरला होता, त्यांच्या लक्षातही नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "विरलाच नाही."

विष्णूनं माझ्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. त्या दिवशी माझी सगळी घमेंड उतरली आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही.

घरी एक नवीनच अडचण निघाली. मला पायानं दाबायचं, तर उजवा पाय चालेना, आणि डावा उचलला की गिटार मांडीवरून घसरायची. दीनानाथ म्हणाले, "मी आहे ना." ते खुर्चीपाशी जमिनीवर बसले आणि मला अंगठ्यानं दाबायला लागले. साध्या ओळीला मी बंद, लांब सुराला चालू. सुरुवातीला ते फार घाई करायचे.

"अहो, आधी नको. मी रूळ टेकवला की मग."

"बिल्कुल. नोंद घेतली."

त्या गणेशोत्सवात सुनंदाबाईंनी यमनमधली गत वाजवली. सेक्शन ऑफिसर वाळिंबे इस्त्रीच्या झब्ब्यात स्टेजवर बायकोच्या पायाशी मांडी घालून बसले होते. त्यांच्या हाताखालचे चार कारकून पहिल्या रांगेत होते. दीनानाथांनी एकदाही समोर पाहिलं नाही. त्यांची नजर त्या स्टीलच्या रुळावर होती. आठ वर्षं आम्ही असं वाजवलं, आधी तिमारपूरला आणि निवृत्तीनंतर गाझियाबादच्या वसुंधरातल्या फ्लॅटमध्ये. मी सुखात होतो, याहून वेगळं काय सांगू?

मग दुसरा झटका आला. या वेळी उजवा हात गेला तो गेलाच, आणि वाचाही गेली. दीनानाथांनी गिटारला कव्हर घातलं आणि मला कपाटात ठेवलं. पोटात बॅटरी तशीच राहिली. ती फुटून तिचं पाणी माझ्या आतल्या तारांवर पसरलं. दोन वर्षं मी अंधारात हळूहळू गंजत होतो, आणि बाहेर दोन माणसं राहत असूनही घरात काही आवाज नव्हता. माझ्या गंजण्यापेक्षा मला तेच जास्त खुपायचं.

एके दुपारी कपाट उघडलं. दीनानाथ मला घेऊन थेट विष्णूकडे गेले. त्यानं मला साफ केलं, नवे डाख दिले. घरी आल्यावर मात्र भलतंच घडलं. दीनानाथ स्वतः खुर्चीत बसले, गिटार त्यांनी आपल्या मांडीवर घेतली. आयुष्यात कधी तारेला बोट न लावलेला एकोणसत्तर वर्षांचा माणूस. मला त्यांनी सुनंदाबाईंच्या शेजारी स्टुलावर ठेवलं, त्यांच्या डाव्या हाताखाली.

"माझ्याच्यानं दोन्ही होत नाही," ते म्हणाले. "बटण तू सांभाळ."

सूर कसला, नुसतं रडगाणं. सुनंदाबाईंचा हात माझ्यावर होता, पण त्या दाबेनात. ते पुन्हा वाजवत, त्या पुन्हा ढिम्म. मला वाटलं, हातात जोर नसेल. मग अर्ध्या तासानं एकच सूर चुकून बरोबर जागी लागला, आणि त्यांनी कट्कन मला चालू केलं. पुढचा बेसूर निघताच बंद. तेव्हा कळलं. त्या बाईला बोलता येत नव्हतं, पण ती शिकवत होती.

आता या गोष्टीला वर्ष होऊन गेलं. रोज चार वाजता चहा झाला की आमची शाळा भरते. माझा रंग जवळजवळ गेलाय, टोनचा नॉब तुटलाय. तुम्ही कधी माझ्यासारखं पेडल घ्यायला निघालात, तर एवढं ऐका: ज्याच्यासाठी घेताय त्याला बरोबर न्या, त्याचा अँपही न्या, आणि ड्राइव्ह जरा कमीच ठेवा. कोपऱ्यात वाकूनही बघा, तिथे कुणीतरी वाट पाहत असतं.

काल दीनानाथांनी ती यमनची गत पहिल्यापासून वाजवली. दोन-तीन जागी घसरले, मी ऐकलं. सुनंदाबाईंनीही ऐकलं, त्यांचं बोट बटणापर्यंत गेलं. पण त्यांनी मला सुरुवातीला चालू केलं होतं, ते गत संपेपर्यंत बंद केलं नाही.

दीनानाथ खाली मान घालून बसले होते. "चुकलं ना?" त्यांनी विचारलं.

सुनंदाबाईंनी माझ्यावरचा हात काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. आजही चार वाजत आलेत, शाळा भरायची वेळ झाली. मला आता जायला हवं.