चौथा येसाजी

"हत्तीशी झुंजला तो कोण?" तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं.

कडावच्या देवळात भरणारा बायकांचा साक्षरता वर्ग गप्प बसला. चंद्राबाईने पाटी छातीशी धरली. उत्तर तिला पाठ होतं, येसाजी कंक. पण तिच्या नवऱ्याचं नावही येसाजीच, आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घेणारी बाई कडावात अजून जन्मायची होती. बाकीच्या तरी सांगतील म्हणावं, तर त्या सगळ्या एकाच भावकीतल्या सुना. येसाजी कुणाचा थोरला दीर, कुणाचा चुलतसासरा.

वर्गाच्या बाई बिचाऱ्या खोपोलीच्या, बिनलग्नाच्या. एका नावाची इतिहासातली माणसं हुडकून सांगायचा त्यांना नाद. या महिन्यात चंद्राबाईचा मान म्हणून त्यांनी येसाजी घेतले होते, नाव घेण्याची अडचण ध्यानातच आली नव्हती, आणि आता त्या घाम पुसत होत्या.

"बरं, खंडेराव दाभाड्यांचे वडील?"

बायकांनी पदर पुढे ओढले.

"निदान कान्होजी आंग्र्यांचे मुलगे तरी सांगा."

"सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी, धोंडजी," आनंदीबाई घडाघडा म्हणाली, "अन् अजून येक हाय."

"तो कोण?"

"त्यो चंद्राबायला इचारा. तिच्या घरचा हाय."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "इथे नुसत्या गप्पा चालतात. वर्ग बंद केलेला बरा."

पन्नाशीला आल्यावर कुठे अक्षरं चंद्राबाईशी बोलायला लागली होती. ती उठून उभी राहिली.

"सायेब, लिवून दावलं तर चालंल का? लिवायला कुणाची बंदी नाय."

तिने तिन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली. खाली जागा उरली, म्हणून तेच नाव आणखी एकदा लिहिलं. साहेबांनी पाटी घेऊन मोठ्याने वाचलं, "येसाजी!"

"ओ," दाराबाहेरून आवाज आला. खुद्द येसाजी धापा टाकत उभा होता. "म्हस सुटलीया. अंगावर येतीया माज्या. चल गं जरा."

देवळात असा हशा पिकला की साहेबांनाही हसू आवरेना. "चालू ठेवा वर्ग," ते बाईंना म्हणाले.

संध्याकाळी, म्हैस बांधून झाल्यावर, येसाजी ओटीवर पाटी घेऊन बसला. त्याला अक्षरओळख नव्हती. हसण्याचा राग अजून नाकावर होता.

"काय लिवलंस यात?"

चंद्राबाईला तेही बोलता येईना. तिने त्याचं बोट धरलं आणि एकेका ओळीवरून फिरवलं.

"ह्यो हत्तीशी झुंजला. ह्यो तळेगावचा मोठा सरदार. ह्यो आंग्र्यांच्या घरचा."

"अन् ह्यो खालचा?"

"ह्यो म्हशीला भितो," ती म्हणाली. "पर समद्यांत बेस अक्षर त्याचंच आलंय."

ती चूल पेटवायला आत गेली. येसाजीने त्या ओळीवरचं बोट काही उचललं नाही.