इंचाला पंचवीस

म्हाताऱ्या सुताराने कपाटाला खांद्याने रेटा दिला, तरी ते कोनाड्यात शिरेना. मुलाने दुसऱ्या बाजूने जोर लावला तसा भिंतीचा टवका उडाला.

"अहो, रंग गेला की!" घरातल्या बाई ओरडल्या.

मुलाने टेप लावली. कोनाडा चोवीसशे मिलिमीटर, कपाट चोवीसशे अडतीस. चांगला दीड इंच जास्त. चाळीस वर्षांत एका सुताचा फरक पडू न देणाऱ्या माणसाने आज स्वतःचं हसं करून घेतलं होतं.

"बाबा, हिशेब कसा केलात?"

"इंचाला पंचवीस. चोवीसशे म्हणजे बरोब्बर आठ फूट."

"पंचवीस पॉइंट चार असतात, काका," बाई म्हणाल्या. "शाळेतली पोरंही सांगतील."

म्हातारा मुलाकडे बघत राहिला. मुलगा बघत होता टेपकडे.

"किती वेळा सांगितलं यांना," तो बाईंना म्हणाला. "पण जित्याची खोड! काय करणार?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मग त्याने खाली वाकून भिंतीचे कपचे गोळा केले. चारचौघांत पोराला खोटं पाडणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि आता शिकायचं वय राहिलं नव्हतं.

परतताना टेम्पोत मुलगा म्हणाला, "उद्यापासून मापं मी घेईन. तुम्ही पॉलिशचं बघा."

"बरं."

म्हाताऱ्याने कानावरची पेन्सिल काढून मुलाच्या खिशात खोचली.

कारखान्यात कपाट उतरवलं. ते कापून लहान करायचं होतं. मुलाने करवतीसाठी बापाची पेटी उघडली. झाकणाच्या आत जाड मार्करने लिहिलं होतं, '१ इंच = २५ मि.मी.' खाली, 'एवढं पुरे, बाबा!' अक्षर त्याचंच. नवीन नवीन कोर्स करून आला होता तेव्हाचं. "पंचवीसच्या वर काही सुटं उरतं का रे?" बापाने तीनदा विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा तो खेकसला होता. अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून म्हाताऱ्याने त्यावर चिकटपट्टी लावली होती, कडा नीट दाबून.

मुलाला भयंकर लाज वाटली. तो तसाच उभा राहिला.

"करवत सापडली का रे?" बाहेरून बापाने विचारलं.

"सापडली."

मुलाने नखाने चिकटपट्टी सोलली, काचपेपर घेतला आणि झाकण घासायला सुरुवात केली.