बाहेरून शिवण

हारुनचाचांनी पिशवी उलटी केली, चष्मा कपाळावर सारला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मग पुन्हा फिरवला. शिरपुरातल्या त्यांच्या टीचभर दुकानात अशाच एकोणचाळीस सुती पिशव्या उसवून पडल्या होत्या.

"सगळ्या उसवल्या, चाचा?" रूपाने दारातूनच विचारलं.

"मग काय करू, बेटा? भूषण सरांचा फोन आला. म्हणाले, आतल्या धाग्यात पाय अडकून पाखरू मेलं. तोबा! चाळीस वर्षं मशीन चालवतोय, असं कधी झालं नाही."

रूपा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सुट्टीच्या दिवशी भूषण सरांच्या गटासोबत तळ्यावर परदेशी पाखरांच्या पायात ओळखीच्या नंबराच्या कड्या घालायची. जाळीतून सोडवलेलं पाखरू आपली पाळी येईपर्यंत पिशवीत, सावलीला टांगलेलं असतं. नखं धाग्यात अडकू नयेत म्हणून शिवण बाहेरून हवी. पिशव्या शिवायला टाकताना हे ऐकून चाचा खो खो हसले होते. "माणसांचे कपडे सुलटे अन् पाखरांचे उलटे! दे, शिवतो."

गेल्या रविवारी पळस नुसता पेटला होता. धोबी पक्षी परतीच्या तयारीत होते, आणि नेमका धुळ्याहून कॅमेरावाला आला. रूपा त्याच्याशी बोलत राहिली. किती बोलली! बाभळीची सावली कधी सरकली, तिला कळलंही नाही. जाळी सांभाळणाऱ्या भिकननेच पिशवी आणून दिली.

"ताई, ही एक टांगेलच राही गई."

आत पिवळा धोबी होता, निपचित. चार दिवसांत तो उत्तरेला निघाला असता.

"काय झालं?" भूषण सरांनी सगळ्यांदेखत विचारलं.

"आत धागा सुटला होता. पाय अडकला," रूपा म्हणाली. एका दमात म्हणाली. भिकनने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती मान तिला आठवडाभर झोपू देत नव्हती.

"ही तीच पिशवी ना?" चाचांनी विचारलं. "मला तर काही सापडत नाही. सादिया म्हणतेच, अब्बा, आता मशीन बंद करा, डोळे गेले तुमचे. बरोबर म्हणते पोरगी." त्यांनी पिशवी तिच्यापुढे धरली. "तू बघ. तुला दिसेल माझी चूक."

रूपाने पिशवी घेतली नाही.

"चूक नाहीये, चाचा. मी विसरले. दोन तास उन्हात राहिली पिशवी. धाग्याचं खोटं सांगितलं मी."

चाचांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे पाहिलं.

"माझं नाव तिथे चारचौघांत खराब केलंस," ते हळूच म्हणाले. "आणि खरं सांगायला इथे आलीस? इथे कोण आहे ऐकायला?"

त्यांनी एक उसवलेली पिशवी उचलली, सुईखाली सरकवली आणि पाय मारायला सुरुवात केली.

मग रूपाने मोबाइल काढला, गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि माइकचं बटण दाबून बोलू लागली. रविवार, बाभूळ, कॅमेरा, सगळं. आवाज फुटत होता, मशीन खडखडत होतं. शेवटी कसंबसं 'पिशवीत दोष नव्हता' म्हणून तिने बोट उचललं.

मशीन थांबलं.

"मशीनच्या खडखडाटात काही ऐकू गेलं नसेल," हारुनचाचा म्हणाले. त्यांनी पाय मशीनवरून काढून घेतले आणि हात मांडीवर ठेवले. "परत बोल."

रूपाने पुन्हा बटण दाबलं.

"मी रूपा बोलतेय," ती म्हणाली.