शेपटी पुढे

मोठ्या सरांनी सगळ्या लॅबसमोर जाहीर केलं, की माझं प्रथिन मेलेलं आहे, काही कामच करत नाही. शुक्रवारी त्याचे नमुने फ्रीजरमधून काढून टाकायचे आणि मी निमूटपणे दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला हात लावायचा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मेलंबिलं काही नव्हतं ते. त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता, आणि तो आम्हीच कोंबला होता.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ती स्वतःभोवतीच वळते, दुमडते आणि त्या घड्यांमध्ये एक खोबण तयार होते. काम होतं ते त्या खोबणीत. हजारो प्रथिनांच्या गर्दीतून आपलं नेमकं एक वेगळं काढायचं, तर त्याला आधी एक छोटीशी शेपटी जोडतात. ती निकेलच्या मण्यांना चिकटते आणि बाकीचं सगळं धुऊन जातं. ही शेपटी माळेच्या शेवटच्या टोकालाच लावायची, असा आमच्या लॅबचा रिवाज. का, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, इथे असंच करतात. पण माझ्या प्रथिनाचं शेवटचं टोक आत वळून थेट खोबणीच्या तोंडाशी जातं, म्हणजे तिथे लावलेली शेपटी बोळ्यासारखी खोबणीतच अडकते. त्याच्या भावंडांच्या, म्हणजे त्याच्यासारख्याच इतर प्रथिनांच्या, रचना मी सरांना स्क्रीनवर गोल गोल फिरवून दाखवल्या. अशी चित्रं आम्हीही पाहिलीत, म्हणाले.

आईला फोनवर हे रडगाणं ऐकवलं, तर तिचं म्हणणं, कशाला वाकड्यात शिरतेस, ते सांगतील तिथे लाव ना शेपटी. मला ती कुठे लावावीशी वाटत होती, ते तिला सांगितलं नाही.

मी शेपटी पुढच्या टोकाला लावली. लपूनछपून नाही, नळीवर ठळक अक्षरांत लिहिलं, 'शेपटी पुढे'. लॅबमधल्या सगळ्यात जुन्या संशोधक, आमच्या ताई, यांनी ते वाचलं आणि नमुने गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजवरची आपली पाळी मला दिली.

शुक्रवारी सर आले, तेव्हा दोन नळ्या टेबलावर तयार होत्या. एकीत जुनं प्रथिन घातलं, दुसरीत नवं. द्रावण दोन्हींत तेच, पाण्यासारखं. प्रथिनाने काम केलं तर पिवळं होणारं. पहिली तशीच राहिली. मग दुसरी फिकट पिवळी दिसू लागली, आणि बघता बघता पिवळीधमक झाली.

सरांनी नळी उजेडात धरली. छान आहे, म्हणाले, पण पेपरमध्ये तापमान बदलल्याने जमलं असं लिहू. शेपटीचा विषय काढला तर लोक आपली जुनी कामं उकरत बसतील.

"नाही सर," मी म्हणाले. "शेपटी हलवली म्हणून जमलं. मी तेच लिहीन."

"आणि मी नको म्हटलं तर?"

मी फ्रीजर उघडला आणि माझ्या नमुन्यांचा डबा बाहेर काढला. "तर हे आत्ता माझ्या हाताने टाकते. खोटं लिहून जगवायचं नाही मला ते."

तेवढ्यात ताई उठल्या, मला जरा बाजूला सारलं आणि अगदी खालच्या खणातून बर्फाने माखलेला एक डबा ओढून काढला.

"माझंही मेलंय म्हणाला होतात, सर," त्या म्हणाल्या. "मी टाकलं नव्हतं. आता याचीही शेपटी पुढे नेऊन बघणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय."

सरांनी त्या डब्याकडे पाहिलं. मग नळी स्टँडवर ठेवून म्हणाले, लिही तुला लिहायचं ते.

मी माझा डबा परत वरच्या खणात ठेवला आणि जरा सरकवून शेजारी ताईंच्या डब्याला जागा केली.