हातात हत्ती द्या

मोटारीत बसता बसता काशम्माने किल्ल्या माझ्या हातात कोंबल्या आणि म्हणाली, "रंभाबाई, पोरं रडायला लागली की हातात हत्ती द्या. हत्ती मिळाली की गप होतात." मैंदर्गीची मोटार धुरळा उडवत निघून गेली आणि मी त्या हत्तीपाशी अडकून तशीच उभी राहिले.

"मिळाली" का, हा प्रश्न मला पडला नाही. काशम्मा कानडी. तिच्या मराठीत भात शिजायची आणि चूल पेटायचा. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी मंडळाने काढलेली फुकट शिशुशाळा तिने नावारूपाला आणली होती, आणि आता बहिणीला अर्धांगवायू झाला म्हणून सगळं सोडून ती गावी निघाली होती. तिच्या जागी मंडळाने मला नेमलं. मी बार्शीची, पुण्याला बालशिक्षण शिकून आलेली, आणि कानडीचा गंधही नसलेली. शाळेतली बहुतेक मुलं घरी कानडी बोलतात, हे नेमणाऱ्यांच्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी मला पाहिलं आणि जे भोकाड पसरलं ते पसरलं. शेजारचा शिंपी मशीन थांबवून बघायला आला. मी गाणी म्हटली, मणी ओवायला दिले, नाचूनही दाखवलं. काही केल्या रडं थांबेना. दुपारपर्यंत निम्मी मुलं पळून घरी गेली, आणि घराला तर कुलूप.

मंडळाचे अध्यक्ष हिंदुराव मोठे शिस्तीचे गृहस्थ. काशम्मापुढे त्यांचं काही चालत नसे. ती जाताच त्यांनी फाटकावर गडी बसवून नवा नियम लावला: आयांनी आत यायचं नाही, आणि लुगड्याला चिकटलेला कापूस बाहेरच झाडून मग मूल सोडायचं. मला त्यांनी विचारलं नाही की सांगितलंही नाही. बायकांना वाटलं, हा नव्या बाईंचा हुकूम. मला वाटलं, बायकाच टापटिपीच्या म्हणून झाडतात. आणि मुलं अशीच रडत राहिली तर महिनाअखेर शाळा बंद करून जागा सुताच्या गाठी ठेवायला देऊ, असंही हिंदुराव सांगून गेले.

तसं झालं तर मुलं जाणार कुठे, हे मला ठाऊक होतं. ज्यांना सांभाळायला घरी कोणी नाही, त्यांना आया अफूची गोळी चाटवून दार ओढून कामावर जात. गुंगलेलं पोर मी एकदा पाहिलं होतं. ते पुन्हा बघायची माझी छाती नव्हती.

शेवटी मी मुलांनाच विचारलं, "हत्ती हवा?"

रडं थांबलं. सगळ्यांनी हात पुढे केले.

मला हायसं वाटलं. कुंभाराकडून मातीचे हत्ती आणले. मुलांनी ते उलटेसुलटे करून पाहिले, फोडून आत पाहिलं आणि पहिल्यापेक्षा मोठ्याने रडायला लागली. मग मी पुठ्ठ्याचे केले. तेही नकोत. हत्ती हवा का म्हटलं की हात पुढे, आणि दिला की भोकाड. माझं डोकं चालेना. हिंदुरावांच्या नातवाकडे लाकडी हत्ती होता, तो मागायला गेले. कशाला म्हणाले, तर मुलं हत्तीशिवाय राहत नाहीत म्हटलं. त्यांनी हळूच माझ्या तब्येतीची चौकशी केली. हत्ती मात्र दिला.

दुसऱ्या दिवशी जगदेवी नावाच्या बाईला गिरणीत जायला उशीर होत होता. फाटकावरचा गडी जागेवर नव्हता, म्हणून ती लेकीला, नीलव्वाला, घेऊन थेट वर्गात आली. मी लगेच तो लाकडी हत्ती नीलव्वाच्या हातात कोंबायला लागले. नीलव्वा हात मागे घेऊन किंचाळायला लागली.

"बाई, ही काय करतासा?" जगदेवी म्हणाली. "ह्ये आनी हाय की. ती हत्ती मागतीया."

"अहो, हा हत्तीच आहे," मी चिडून म्हटलं.

जगदेवीने लुगड्याच्या निऱ्या चाचपल्या. घाईत झाडायच्या राहिल्या होत्या. त्यातून तिने तेलकट, मळका कापसाचा पुंजका काढला आणि लेकीच्या मुठीत दिला. "हत्ती ही. आमच्यात कापसाला हत्ती म्हन्त्यात, अन् तुमच्या हत्तीला आनी. काशम्माबाई रोज दारात आमच्या लुगड्याचा येचून पोरांना द्यायच्या. तुमीच झाडाया लावलंय न्हवं?"

नीलव्वाने मूठ नाकाशी नेली आणि गप्प बसली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. मी तशीच फाटकाकडे धावले आणि उरलेल्या बायकांना म्हटलं, झाडू नका. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बाई रोज नवीनच काही सांगतात, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुपारी हिंदुराव आले. बरोबर गाठी ठेवणारा व्यापारी होता. जागा मोजायची होती. आत मुलं ओळीने झोपलेली बघून दोघेही दारातच थबकले. नियम त्यांचा होता हे फाटकावरच्या गड्याकडून कळलं होतं, तो मोडल्याचं मी सांगून टाकलं. हिंदुराव तणतणतच आत आले आणि नीलव्वाशेजारी वाकून त्यांनी तिची मूठ उघडली.

"ही घाण?" म्हणत त्यांनी पुंजका उचलला.

नीलव्वाने डोळे उघडले नाहीत. तिचा हात चटईवर इकडेतिकडे चाचपडला, हिंदुरावांचं बोट सापडलं, तेच तिने घट्ट धरून नाकाशी नेलं. "अव्वा," आईला हाक मारावी तसं म्हणाली आणि पुन्हा झोपली.

हिंदुराव वाकलेले ते वाकलेलेच. दारातून व्यापाऱ्याने हाक मारली, तर पुंजका धरलेला हात हलवून त्यांनी त्याला थोपवलं. मग माझ्याकडे बघत अगदी हळू आवाजात म्हणाले, "आता हे सोडवायचं कसं?"

"गिरणी सुटेपर्यंत बसा," मी म्हटलं.