उंबऱ्यावर बसू नये

मित्रांनो, मला ओलांडल्याशिवाय या घरात कुणी आलं नाही, आणि मला ओलांडल्याशिवाय कुणी गेलंही नाही. मी सेलूच्या कापूस बाजाराजवळच्या एका जुन्या घराचा सागवानी उंबरठा. आमच्या भागात मला उंबरा म्हणतात. वीतभर उंच, चांगला रुंद, आणि मधोमध जरासा खोलगट. त्या खोलगट जागी रोज सकाळी हळद-कुंकू पडायचं. देवाच्या दारी असल्यासारखं भाग्य मला माणसाच्या दारी मिळालं.

निजामाच्या राज्यात व्यंकटरावांनी हे घर बांधलं. त्यांचा कापसाचा व्यापार. गल्लीतून दिवसभर गाड्या जायच्या, कापसाची पिसं उडायची, पावसाळ्यात पाणी थेट दाराशी यायचं. व्यंकटराव सुताराला म्हणाले, "उंबरा असा उंच कर, की येणाऱ्याची नजर आपोआप खाली गेली पाहिजे." तसंच झालं. मोठमोठे अडते, कडक अंमलदार, सगळे माझ्यापाशी आले की खाली बघून पाय उचलायचे. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

माझे नियमही होते. माझ्यावर पाय द्यायचा नाही. माझ्यावर बसायचं नाही. माझ्यावर उभं राहून शिंकायचं नाही. आणि माझ्यावरून काही द्यायचं-घ्यायचं नाही. देणारा आणि घेणारा एकाच बाजूला हवेत. नियम सगळ्यांना पाठ होते. तरी मधोमध झिजलो तो झिजलोच, कारण घाईत नियम कुणाच्या ध्यानात राहतात?

व्यंकटरावांची सून कमलबाई लग्न होऊन आली तेव्हा अगदी कोवळी होती. माझ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं. ते उजव्या पायानं आत लवंडायचं असतं. तिनं भीत भीत इतकं हळू लवंडलं की मूठभरही दाणे आत गेले नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, घर भरायचंय, का चिमण्यांना टाकायलीस?" सगळे हसले आणि त्या हसण्यातच तिची भीती गेली.

पुढे घराच्या पुढच्या खोलीत एक शिंपीकाम करणारं मुसलमान कुटुंब भाड्यानं आलं. त्यांच्या मुलाची नवी नवरी, मेहरबी, ज्या दिवशी यायची होती त्या दिवशी कमलबाईंनी माझ्यावर माप भरून ठेवलं. "नवी नवरी येते आणि माप नाही, असं कसं?" त्या म्हणाल्या. मेहरबीला काय ठाऊक माप कशाचं! तिनं पाहिलं, खाली वाकली, दोन्ही हातांनी माप उचललं, कपाळाला लावलं आणि चालत आत घेऊन गेली. मग कमलबाई म्हणाल्या, "बरोबर केलं पोरीनं. मी सांडून आणलं, हिनं जपून आणलं." त्या दिवसापासून दोघी एका ताटातल्या झाल्या.

पण दिवस बदलतात. कमलबाईंचं बिऱ्हाड परभणीला गेलं, मेहरबीचं गंगाखेडला. दाराला कुलूप लागलं. धूळ बसली, एका कोपऱ्याला वाळवी लागली. मित्रांनो, झिजण्याचं दुःख मला कधी झालं नाही. कुणीच ओलांडत नाही, त्याचं झालं.

मग दत्तराव आले. मेंढरं राखणाऱ्या घरात वाढलेला, पुढे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागलेला धिप्पाड माणूस. त्यांनी हे घर घेतलं आणि वास्तूला गावाकडून भावाचा अख्खा कळप आणला. पुढची मेंढी माझ्यापाशी येऊन अडली. दत्तरावांनी तिला चुचकारलं, तशी तिनं टुणकन उडी मारली. मागून प्रत्येक मेंढी त्याच जागी, तेवढीच उडी मारत आत आली. दत्तराव म्हणाले, "पुढची काठीवरून उडाली, की मग काठी काढली तरी मागच्या उडत्यातच." अंगणभर लेंड्या झाल्या. दत्तरावांची बायको भिवराबाई पदर तोंडाला लावून हसत राहिली.

भिवराबाईंनी मला पुन्हा जिवंत केलं. रोज आंघोळ झाली की ओल्या फडक्यानं मला पुसायचं, हळद-कुंकू वाहायचं, दोन बोटं रांगोळी ओढायची, फूल ठेवायचं. तोवर तोंडात पाणी नाही. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही.

आणि गेल्या वर्षी दत्तरावांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. चाकाची खुर्ची आली. खुर्ची घरभर फिरायची, आणि माझ्यापाशी येऊन थांबायची. बाहेर न्यायचं तर दोघांनी उचलावं लागे. एकदा उचलताना तोल गेला आणि दत्तराव तोंडावर पडले. लागलं थोडं, पण मन फार दुखावलं. "मला न्हाई जायचं भाईर," ते म्हणाले. तेव्हापासून हा उघड्या माळावर वाढलेला माणूस दारातून दिसेल तेवढंच आभाळ बघायचा.

सून बबिता कामाची. तिनं सुतार आश्रुबाला बोलावलं. त्यानं मला वरून-खालून ठोकून पाहिलं. "कापून काढतो. चौकट जाग्यावर राहती."

भिवराबाई माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. आवाज नेहमीसारखाच हळू. "आश्रुबा, चहा घे आन जा."

"आत्या, मामांना भाईर न्यायचं का न्हाई?" बबितानं विचारलं.

"न्यायचं. पण हा उंबरा माझ्या एकटीचा हाय का? जिनं जिनं याच्यावरचं माप घरात आणलंय, तिला विचार. त्या हो म्हणल्या, तर मी आडवी येत न्हाई."

"आन त्या कुठं घावायच्या?"

"ते मला काय इचारतीस? फोन तुझ्यापशी हाय."

बबिता हट्टाला पेटली. बाजारातले जुने अडते दिनकरराव यांच्याकडून तिनं व्यंकटरावांच्या घराचा ठिकाणा काढला, आणि एके दिवशी फोनच्या काचेत मला कमलबाई दिसल्या. केस पांढरेशुभ्र, डोळे तेच. त्या म्हणाल्या, "माझा चेहरा काय बघतेस, उंबरा दाखव मला." बबितानं फोन माझ्यासमोर धरला. कमलबाईंनी चेहरा काचेच्या अगदी जवळ आणला.

"मधला खड्डा माझ्या पायाचा आहे, सासूला सांग तुझ्या," त्या म्हणाल्या. "माझी ना नाही. पण मेहरबीला विचारा. त्या घरात माप खरं तिनं आणलं."

मेहरबीचा पत्ता गंगाखेडच्या शिंप्यांच्या दुकानांतून लागला. फोनवर तिनं उत्तर दिलंच नाही. "ऐसी बात फोनपर नै होती बेटा. मी येते," एवढंच म्हणाली.

आणि ती आली. काठी टेकत, नातवाच्या रिक्षातून उतरून. भर दुपार होती. भिवराबाई लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी आल्या. मेहरबीनं आत यायला पाय उचलला. अर्धा उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला. गुडघा ऐकेना.

"ये ना आत, बाई," भिवराबाई म्हणाल्या.

"आतेव की. घुटनेकू पूछ रई हूं, उनेच हां नै बोलरा." मेहरबी हसली, पण कपाळावर घाम होता.

भिवराबाईंच्या हातात तांब्या. पाहुणी दारात, तहानलेली. पण माझ्यावरून काही द्यायचं नाही. भिवराबाईंचा हात पुढे आला आणि माझ्यापाशी थांबला. आतल्या बाजूला खुर्चीत दत्तराव, बाहेर मेहरबी. एकाला बाहेर जाता येईना, एकीला आत येता येईना, आणि मध्ये मी. हळद-कुंकू लावलेला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी कुणाला अडवतो आहे असं मला वाटलं नव्हतं. मी तर घर राखत होतो.

भिवराबाईंनी माझ्याकडे पाहिलं, हात जोडले. मग स्वतः मला ओलांडून बाहेर गेल्या, मेहरबीच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि तिथं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन मेहरबी काही बोलायला लागली, तर त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. "नको सांगू. कळलं मला." आणि आत वळून म्हणाल्या, "बबे, आश्रुबाला बोलव."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईंनी माझी पूजा केली, नेहमीपेक्षा सावकाश. मग करवत चालली. मी कुरकुर केली नाही. सागवान आहे मी.

आता मी गल्लीतल्या लिंबाखाली, भिंतीशी, दोन दगडांवर ठेवलेला आहे, पालथा नव्हे, चांगला उताणा. ज्याच्यावर कधी कुणी बसायचं नाही, त्याच्यावर आता सगळे बसतात. पहिली बसली मेहरबी, मुद्दाम गंगाखेडहून पुन्हा येऊन. शेजारी दत्तरावांची खुर्ची असते. रोज सकाळी ते उघड्यावर येतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारतात. भिवराबाई माझ्या एका टोकाला हळद-कुंकू लावतात आणि दुसऱ्या टोकाला टेकतात. पहिल्या दिवशी टेकताना पुटपुटल्या, "माफ कर रे बाबा." मला हसू आलं.

अजून एक गंमत सांगतो. मी दारात नाही, जमीन सपाट झाली आहे, तरी भिवराबाई दारातून जाताना त्या जागी वीतभर पाय उचलतातच. दत्तराव खुर्चीतून ओरडतात, "आगं, काठी काढली तरी मेंढरावानी उडी मारायलीस!"

"मारू द्या," त्या म्हणतात, "मला दिसायलाय तो."

तेव्हा मित्रांनो, जुनं ते जपा, पुसा, त्याला फूल वाहा. पण ज्यांच्यासाठी ते केलेलं असतं त्यांचे गुडघेही बघत चला. मी दारात उभा होतो तेव्हा तुम्ही मला ओलांडून जात होता. आता थोडं थांबा. या, बसा. जागा भरपूर आहे.